अँब्युलन्सवर नवीन लागलात? आधी खिशातल्या मोबाईलचं बघा

हे लिहितोय ते अँब्युलन्सवर नुकत्याच लागलेल्या पोरापोरींसाठी, मग तुम्ही १०८ वर असाल, प्रायव्हेट गाडीवर असाल, नाहीतर दहीहंडीला किंवा विसर्जनाला मंडळाच्या फर्स्ट एड टेबलावर बसणारे व्हॉलंटियर असाल तरी चालेल. ट्रेनिंगमध्ये सीपीआर शिकवतात, स्पाइन बोर्ड शिकवतात, पण पेशंटचा फोटो काढायचा की नाही, काढला तर कुणाला पाठवायचा आणि नंतर त्याचं काय करायचं हे कुणी बसून सांगत नाही, "प्रायव्हसी ठेवा" एवढं बोलतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात.

नवीन माणसाची समजूत साधारण अशी असते की मी कुठे पोस्ट केलाय, फोनमध्येच तर आहे. इथेच गडबड आहे. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ हेलिकॉप्टर पडून बास्केटबॉल खेळाडू कोबी ब्रायंट, त्याची १३ वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण गेले. तिथे पोचलेल्या पोलीस आणि फायर ब्रिगेडच्या काही जणांनी मृतदेहांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढले. ते फेसबुकवर वगैरे गेलेच नव्हते, एकाने बारमध्ये बसून बारटेंडरला दाखवले, बाकीचे असेच या फोनवरून त्या फोनवर फिरले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये ज्युरीने दोन कुटुंबांना मिळून ३ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितले. कॅलिफोर्नियाने त्याआधीच कायदा करून टाकला होता की कामावर गेलेल्या रिस्पॉन्डरने कामाच्या कारणाशिवाय मृत माणसाचा फोटो काढणं हाच गुन्हा. शेअर करणं तर पुढचं, काढणंच.

आपल्याकडे असा खास अँब्युलन्सवाल्यांसाठीचा कायदा नाही, पण म्हणून मोकळं रान आहे असं नाही, ते पुढे येईलच. आधी कामाचं.

स्टेप १: ड्युटी सुरू व्हायच्या आधी फोन सरळ करा

हे घरी बसून एकदाच करायचंय. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी असते ती बंद, ऑटो डाउनलोड बंद, आयफोन असेल तर फोटो आपोआप सेव्ह होण्याचा पर्याय बंद. नाहीतर होतं काय की ग्रुपवर कुणीतरी रात्री काहीतरी टाकतो, ते तुमच्या गॅलरीत जाऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी तुमची पोरगी कार्टून बघायला फोन घेते.

मग कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ लिहिलेली असते, व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते पण "क्वालिटी जाते" म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की सगळी तशीच जाते, म्हणजे पेशंटच्या बिल्डिंगचा पत्ताच दिल्यासारखं.

तिसरं, आणि बहुतेक लोक हे विसरतात, गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा बॅकअप. तुम्ही फोटो काढला, हॉस्पिटलला दाखवला, डिलीट केला आणि निवांत झालात, तोवर तो क्लाउडवर गेलेला असतो आणि घरच्या टॅबवर तेच अकाउंट लॉगिन असतं. ड्युटीच्या वेळेत बॅकअप बंद ठेवा. काही कंपन्या गाडीला वेगळा फोन किंवा टॅब देतात, दिला असेल तर फक्त तोच वापरायचा, स्वतःचा खिशात.

स्टेप २: फोन वर करायच्या आधी एकच प्रश्न

हा फोटो बघून पेशंटच्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार आहे, आणि ते बदलणारा माणूस कोण? "कॅज्युअल्टीतले सीएमओ" (तिथले ड्युटीवरचे डॉक्टर) किंवा "कॅथलॅबचे डॉक्टर" (हृदयाची बंद झालेली नळी उघडतात ती जागा) असं ठोस उत्तर आलं तर काढा. "रेकॉर्डला असू दे", "पुढे कधीतरी शिकवायला उपयोगी पडेल", "सरांना दाखवतो केवढी भारी केस होती" अशी उत्तरं आली तर फोन खिशात.

उपयोगाचे फोटो असतात, नाही असं नाही. मुंबईत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी डिव्हायडरवर चढलीय, स्टिअरिंग वाकलंय, काचेवर डोकं आपटल्याचा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा आहे, तर त्या गाडीचा एक फोटो ट्रॉमाच्या डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो, मार कुठून कसा बसला ते कळतं. त्यात पेशंट नको आणि नंबर प्लेटही नको. छातीत दुखतंय आणि ईसीजी काढलाय, तो आधीच पुढे पाठवला तर कॅथलॅब तयार होऊ शकते, तिथे मिनिटं वाचतात म्हणजे हृदयाचा स्नायू वाचतो. कुणी गोळ्या खाल्ल्यात तर रिकाम्या पाकिटांचा फोटो, नाव आणि किती मिलीग्रॅम ते दिसेल असा. आरे कॉलनीत नाहीतर येऊरच्या बाजूला साप चावला आणि साप अजून समोर आहे तर लांबून झूम करून एक फोटो, पण त्याच्यामागे धावायचं नाही आणि मारून पिशवीत घालून आणायचा तर अजिबात नाही.

यातल्या एकाही फोटोत पेशंटचा चेहरा लागत नाही, बघा.

जखमेचाच फोटो लागला, समजा पट्टी बांधल्यावर पुन्हा पुन्हा उघडायला नको म्हणून, तर जखम तेवढीच फ्रेममध्ये घ्या. चेहरा नको, टॅटू नको, हातातला कडा-गंडा नको, मागे भिंतीवर लावलेला फॅमिली फोटो नको. नंतर क्रॉप करू म्हणू नका, मूळ फाइल तशीच राहते आणि घाईत तीच जाते.

स्टेप ३: विचारायचं कसं

पेशंट शुद्धीवर असेल तर सरळ विचारा. लांबलचक फॉर्मची भाषा नको. "काका, या जखमेचा एक फोटो काढतोय, फक्त हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवायला, चालेल ना?" एवढं पुरतं. हिंदी, गुजराती, जी येत असेल त्या भाषेत. नाही म्हणाले तर नाही, चेहरा पाडायचा नाही आणि परत विचारायचं नाही, जे दिसतंय ते लिहून काढा. विचारलं होतं आणि हो म्हणाले हे केस शीटवर एका ओळीत लिहून ठेवा, वेळेसकट.

बेशुद्ध असेल तर फक्त ट्रीटमेंटला लागणारा फोटो, तेवढाच. बेशुद्ध माणूस नाही म्हणू शकत नाही म्हणून त्याच्याबाबतीत जास्त सांभाळायचं असतं, लोक नेमकं उलटं करतात. नातेवाईक बाजूला असतील तर त्यांना सांगा, पण एक लक्षात ठेवा, बाजूला उभा असलेला प्रत्येक जण नातेवाईक नसतो. चाळीत तर नसतोच. "मी त्यांचा भाऊच समजा" म्हणणारा तिसऱ्या माळ्यावरचा भाडेकरू निघतो.

स्टेप ४: चादर आधी, बाकी नंतर

मुंबईत गर्दी पाच मिनिटांत नाही, पाच सेकंदांत जमते. प्लॅटफॉर्मवर कुणी पडलं की लोकल निघायच्या आत दहा मोबाईल वर झालेले असतात. तुम्ही स्वतः फोटो काढला नाही तरी तुमच्या पेशंटचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत चुलत बहिणीच्या फोनवर गेला तर प्रायव्हसी गेलीच.

ट्रॉमामध्ये कपडे कापावे लागतात, त्याला इलाज नाही, पण कापायच्या आधी चादर हातात हवी, कापून झाल्यावर शोधायची नाही. गाडीत दोन चादरी जास्तीच्या ठेवा, एक अंगावर आणि एक आडोशाला. आडोसा धरायला बघ्यांमधलेच दोन जण घ्या. हे फार भारी चालतं. जो सगळ्यात पुढे येऊन शूटिंग करतोय त्यालाच म्हणायचं, "दादा, फोन ठेवा आणि ही चादर धरा जरा, तोंड पलीकडे करून." दोन्ही हात चादरीत अडकले की शूटिंग आपोआप बंद, आणि त्यालाही आपण काहीतरी केलं असं वाटतं. बायका असतील तर त्यांना सांगा, महिला पेशंट असेल तर शक्यतो त्यांनाच.

कुणाचा फोन हिसकावू नका, डिलीट कर म्हणून दम देऊ नका. तो तुमचा अधिकार नाही, आणि मारामारी झाली तर व्हिडिओ तुमचाच व्हायरल होणार. पोलीस असतील तर त्यांना सांगा गर्दी मागे घ्यायला, स्टेशनवर रेल्वेचे पोलीस, म्हणजे आरपीएफ किंवा जीआरपी. गाडीचं मागचं दार तरी बंद ठेवा, किती वेळा बघतो की सलाईन लावेपर्यंत दार सताड उघडं आणि आख्खा नाका आत बघतोय.

घरचेच शूटिंग करत असतील तर ते वेगळं. घाबरलेले असतात, पुढे काही झालं तर पुरावा पाहिजे असं त्यांना वाटतं. करू दे. बाकीचे पेशंट फ्रेममध्ये येत नाहीत ना तेवढं बघा आणि आपलं काम चालू ठेवा. त्यांचं शूटिंग चालू झालं म्हणून आपणही उलट शूटिंग चालू करायचं, हा प्रकार हल्ली वाढलाय, मला तो पटत नाही. धोका वाटला तर कंट्रोलला कळवा आणि पोलीस बोलवा, ११२ आहेच.

अजून एक माणूस विसरला जातो, ज्याने अपघातग्रस्ताला उचलून रस्त्याच्या कडेला आणलं तो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याला नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती पोलीससुद्धा करू शकत नाहीत. मग आपण कौतुक म्हणून त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा कशाला? विचारल्याशिवाय नाही.

स्टेप ५: हँडओव्हर, आवाज कमी

प्रायव्हसी फक्त कॅमेऱ्याने जात नाही, तोंडाने जास्त जाते. केईएम, सायन, कूपर, राजावाडी, कुठलीही कॅज्युअल्टी घ्या, स्ट्रेचरला स्ट्रेचर लागलेलं असतं, पलीकडच्या पेशंटचे चार नातेवाईक तुमचं सगळं ऐकत असतात. सीएमओच्या जवळ जा, नाव कागदावर दाखवा, आणि बोला.

सगळ्यात वाईट म्हणजे लांबूनच ओरडायचं, "मामा, ग्लव्हज घाला, पेशंट पॉझिटिव्ह आहे!" अहो ग्लव्हज प्रत्येक पेशंटला घालायचेच आहेत, मग ओरडून काय मिळवलं? एचआयव्हीबद्दल २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस असं उघड करता येत नाही. ज्या डॉक्टरला ट्रीटमेंटसाठी कळायला पाहिजे त्याला कानात सांगा, कागदावर लिहा, बास. वॉर्डबॉय, लिफ्टमन, तुमचा पायलट म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, यांना ते कळायची गरज नाही. घरच्यांनासुद्धा ते माहीत आहे असं धरून चालू नका. नवऱ्यासमोर बायकोची जुनी फाइल उघडून मोठ्याने वाचायला लागायचं नाही.

स्टेप ६: पाठवायचं आणि पुसायचं

फोटो एका माणसाला, ग्रुपवर नाही. ज्या नंबरवर पाठवताय तो एकदा वाचा, डॉ. सावंत आणि सावंत दूधवाले फोनबुकमध्ये एकाखाली एक असतात. ईसीजीच्या पट्टीवर नाव छापलेलं असेल तर बोटाने झाका आणि "पुरुष, ५४, छातीत दुखणं दीड तास" एवढंच लिहा, नाव फोनवर बोलताना सांगा. व्ह्यू वन्स (फोटो एकदाच उघडतो तो पर्याय) वापरा, त्याने स्क्रीनशॉट अडतो, पण समोरचा दुसऱ्या फोनने फोटो काढू शकतोच, त्यामुळे त्याला कुलूप समजू नका.

पेशंट दिला, डॉक्टरांनी बघितलं, केस शीटला जे लागायचं ते लागलं, की त्याच ठिकाणी उभं राहून डिलीट. गॅलरीतून, चॅटमधून, आणि मग ट्रॅशमधून. ट्रॅश रिकामा केला नाही तर आयफोनवर ३० दिवस, गूगल फोटोजवर बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस तो तिथेच पडून असतो. याला अपवाद एकच, एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांत जाणारी केस.

स्टेप ७: पोलीस केस असेल तर

एमएलसी केसमध्ये तुम्ही काढलेला फोटो पुरावा होऊ शकतो, म्हणून तो मनाने पुसायचाही नाही आणि मनाने वाटायचाही नाही. सुपरवायझरला लगेच कळवा की असा फोटो आहे, कुठल्या फोनमध्ये आहे, किती वाजता काढलाय. फाइलला हात लावू नका, क्रॉप नाही, फिल्टर नाही, त्यावर लाल गोल काढायचा नाही. हवालदार साहेब म्हणाले "पाठव रे माझ्या व्हॉट्सअॅपवर" तर नम्रपणे सांगा, "साहेब, ऑफिसमधून रीतसर देतो." चिडतात कधीकधी, चालतं. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात नेताना सोबत सर्टिफिकेट लागतं, जुन्या पुरावा कायद्यातही होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, व्हॉट्सअॅपवर फिरलेली कॉपी त्यांच्याच कामाची नसते.

ट्रॅकवरच्या केसमध्ये अनोळखी मृतदेहाचे फोटो जीआरपी काढते, ओळख पटवायला, पंचनाम्याला. ते त्यांचं काम. तिथे आपण आपल्या फोनने दुसरा सेट काढायचं काहीएक कारण नाही.

स्टेप ८: जिथे हात लावायचाच नाही

लहान मुलं, लैंगिक अत्याचाराची केस, आत्महत्येचा प्रयत्न, मानसिक आजार, आणि डेथ. इथे वर सांगितलेलं सगळं दुप्पट कडक.

अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापणं-पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मुलांसाठी पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यात वेगळी तरतूद आहे, नाव, शाळा, पत्ता, फोटो, काहीच नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ म्हणतो की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही. आणि कपडे काढलेल्या अवस्थेतल्या पेशंटच्या खाजगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढलात तर आयटी कायद्याचं ६६ई आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यातही काढणं वेगळं आणि पाठवणं वेगळं मोजलंय. डॉक्टर मंडळींसाठी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत आहेच की ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही, अगदी मेडिकल जर्नलमध्येसुद्धा. या सगळ्याच्या वर सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये सांगून टाकलंय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. डिजिटल डेटाचा २०२३ चा कायदाही टप्प्याटप्प्याने लागू होतोय, त्यात मेडिकल इमर्जन्सीला डेटा वापरायची सूट आहे, पण ती इमर्जन्सीपुरती, रील्सपुरती नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नात चिठ्ठी दिसली तर वाचू नका, फोटो काढू नका, पोलिसांना दाखवा कुठे आहे ते.

स्टेप ९: स्टेटस, रील्स आणि पत्रकार

"आज एका आजींचा जीव वाचवला 🙏" आणि मागे स्ट्रेचरवर आजी. चेहऱ्यावर स्मायली लावलाय म्हणून काय झालं? साडी तीच, चाळीचा जिना तोच, वेळ सकाळी नऊची, आख्ख्या लालबागला कळतं कोण ते. चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असं होत नाही. फोटो न टाकता नुसतं "आत्ता घाटकोपरला तरुण पोरगा ट्रेनमधून पडला, वाईट वाटलं" लिहिलंत तरी तेच. त्याच्या आईला अजून कुणी फोनही केलेला नसतो आणि तुमचं स्टेटस तिच्या शेजारणीने बघितलेलं असतं. ओळखणाऱ्याला जागा, वेळ आणि वय एवढं पुरतं, म्हणून या तिन्ही गोष्टी एकत्र कुठेच लिहायच्या नाहीत, केस कितीही जुनी झाली तरी.

युनिफॉर्ममधला फोटो हवाच असेल तर गाडी धुऊन उभी असताना काढा, मस्त येतो.

ही मुंबई आहे, त्यामुळे कधी ना कधी तुमच्या गाडीत टीव्हीवरचा चेहरा येणार. तासाभरात ओळखीचा कुणीतरी फोन करेल, "अरे फक्त सांग अॅडमिट आहे का." हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही, "माहिती हॉस्पिटल देईल" एवढंच. कारण तुमचं "नाही रे, सिरीयस नाहीये" ही पण बातमीच असते. पैसे देऊ करणारेही भेटतात, त्यांना तेच उत्तर.

स्टेप १०: दुसऱ्या कुणी टाकला तर

ग्रुपवर सीनिअरने टाकला असेल तर नवीन माणसाला बोलायला जड जातं, मान्य. सगळ्यांसमोर नका बोलू. पर्सनलवर लिहा, "सर, तो फोटो काढून टाकता का, पेशंटचा चेहरा दिसतोय." बरेच जण गुपचूप काढतात. डिलीट फॉर एव्हरीवन केलं तरी ज्यांच्याकडे आधीच डाउनलोड झालाय त्यांच्याकडे राहू शकतो, त्यामुळे जितक्या लवकर तितकं बरं. तुम्ही स्वतः तो पुढे पाठवू नका, "बघा काय टाकलंय याने" म्हणूनसुद्धा नाही, तक्रार करायची तर तारीख, वेळ, ग्रुपचं नाव लिहून सुपरवायझरला द्या. पेशंटच्या घरच्यांचा फोन आला तर वाद घालू नका, लपवाछपवीही नको, त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि त्याच दिवशी वर कळवा.

आणि फोन रिपेअरला टाकताना, एक्स्चेंजमध्ये देताना गॅलरी बघा. लॅमिंग्टन रोडवर डिस्प्ले बदलायला दिला की पासकोड मागतातच, आणि चेक करायला म्हणून पहिलं उघडतात ते फोटोच. विकायचा असेल तर आधी अकाउंट साइन आउट, मग फॅक्टरी रीसेट, आणि मेमरी कार्ड असेल तर ते आधी काढून घरी ठेवा.